दगड बघायला अजून किती वेळा जायचं?

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय चव्वेचाळीस, सहकारी बँकेत नोकरी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या. मग चित्रकला सुटली ती मुलगी कॉलेजात गेल्यावर पुन्हा हाती आली. आता दर रविवारी क्लासला जातात, जलरंगात काम करतात आणि विषय जवळजवळ एकच असतो: जुनी दगडी बांधकामं. घरच्यांबरोबर हंपी, बदामी, विजापूर, वेरूळ असं सगळं फिरून झालंय. त्या लिहितात, "तिथे उभी असते तेव्हा अंगावर काटा येतो, डोक्यात दहा चित्रं तयार असतात. घरी येऊन मोबाईलमधले फोटो उघडले की सगळं विरून जातं. तरी काढते. लोक म्हणतात, अगदी फोटोसारखं आलंय. मला मात्र रडू येतं."

यंदा दिवाळीत यजमानांना महाबळेश्वरला जायचंय, ताईंना पुन्हा हंपीला. यजमान म्हणाले, "दगड बघायला अजून किती वेळा जायचं?" क्लासमधल्या सरांचं म्हणणं, कंबोडियातलं अंकोरवाट मंदिर बघितल्याशिवाय दगड कळत नाही. त्यातच दीड लाखाची एक आरडी पूर्ण होतेय आणि एका टूरवाल्याने कंबोडियाच्या सहलीचं पत्रक हातात ठेवलंय. "सोलापुरात काढण्यासारखं काही नाही, किल्ला तर येताजाता दिसतो. बाहेर पडल्याशिवाय मला सुचतच नाही. पैसे घालून जाऊ का? की मुळात माझ्याकडे ती नजरच नाही?" असं त्यांनी विचारलंय. सोबत तीन चित्रांचे फोटो जोडलेत.

ताई,

कंबोडियाचं नंतर बोलू. आधी तुमची चित्रं, कारण पत्रात जे सांगायचं राहिलं ते त्यांत दिसतंय.

पहिल्या चित्रात हंपीच्या विरूपाक्षाचं गोपूर आहे, दुसऱ्यात गोलघुमट, तिसऱ्यात बदामीच्या तळ्याकाठचं भूतनाथाचं देऊळ. तिन्ही समोरून काढलीत, तिन्ही वास्तू चौकटीत अख्ख्या बसवल्यात, आणि तिन्ही जागा अशा की जिथे पाय ठेवला की मागचा माणूस म्हणतो, "ताई, जरा सरका, आम्हालाही फोटो काढायचाय." हात तुमचा चांगला आहे. गोपुराचे मजले वर जाताना आखडत जातात ते बरोबर पकडलंय आणि घुमटाची गोलाई कुठे चेपलेली नाही. नजर नसलेल्या माणसाला हे जमत नाही, तेव्हा तो शेवटचा प्रश्न आपण इथेच मिटवू.

खटकतात त्या सावल्या. गोलघुमटाच्या कमानीतली सावली तुम्ही मऊ, करडी, आतलं सगळं दिसेल अशी रंगवलीय. भर दुपारी त्या कमानीसमोर उभं राहिलं तर आतलं काही धड दिसत नाही. नुसता काळोख असतो, आणि डोळा सरावला की त्यातून हळूहळू एखादी कड वर येते. ही मऊ सावली तुमची नाही, मोबाईलची आहे. हल्लीचे फोन एका क्लिकमध्ये कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो घेतात आणि ते एकमेकांत मिसळतात. सावलीतलं उजळतं, उन्हातलं दबतं आणि आकाश निळंशार होतं. वर त्याची लेन्स बरीच रुंद असते, त्यामुळे लांबच्या गोष्टी लहान होतात. ज्या बुरुजाखाली मान वर करून तुम्ही थक्क झालात, तो फोटोत कोपऱ्यात बसतो. म्हणजे अंगावर काटा आणणाऱ्या दोन्ही गोष्टी, तो काळोख आणि ती उंची, फोनने आधीच काढून घेतल्या. उरलेलं तुम्ही इमानाने रंगवलंत. लोक फोटोसारखं म्हणतात ते खोटं नाही, आणि तुम्हाला रडू येतं तेही बरोबरच आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत जरा उलटून बघू. तुम्ही म्हणता, बाहेर पडल्याशिवाय सुचत नाही. मला वाटतं, बाहेर गेल्यावर तुम्हाला सुचत नाही, तुम्ही भारावता. भारावणं वाईट नाही, त्यासाठीच तर माणूस फिरतो. पण त्यातून चित्र निघतं ते तुम्ही त्या दगडाला काही विचारायला गेला असाल तर. तुम्ही हंपीला गेलात ते हंपी बघायला. हंपीने दाखवलं, तुम्ही बघितलं, व्यवहार तिथेच पुरा झाला. घरी आल्यावर फोटोंतून काढायला मागे काही शिल्लक राहिलं नाही.

विचारायचं म्हणजे काय, ते आपल्याच किल्ल्यावर सांगते. येताजाता दिसतो म्हणून सोडून दिलेला तो भुईकोट. एखाद्या रविवारी क्लासच्या आधी तिथे जा आणि तटाच्या अशा जागी बसा की समोर उन्हातला काळा दगड असेल आणि शेजारी सावलीत चुना लावलेला एखादा कोनाडा, भिंत, काहीही पांढरं. किल्ल्यात नाही सापडलं तर सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात बघा. आता डोळे अर्धे मिटा. काळा दगड आणि पांढरा चुना यांत गडद कोण? लहानपणापासून आपण धरून चाललोय की दगड काळा आणि चुना पांढरा. पण उन्हातला काळा आणि सावलीतला पांढरा, दोघे जवळपास एकाच तोलाचे दिसतात, कधी कधी तर दगडच उजळ वाटतो. हे कागदावर उतरवायचं म्हणजे काळ्या दगडाला हलका रंग आणि पांढऱ्या भिंतीला त्याच्या बरोबरीचा गडद द्यायचा. हात ऐकत नाही. तो पुन्हा पुन्हा दगड काळा करायला जातो. ही झटापट सुरू झाली की चित्र सुरू झालं, आणि ती करायला हंपी लागत नाही.

जरा जवळ जा. आपल्याकडचा हा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा मोठा भाग तयार झाला, त्यातला हा. लांबून एकरंगी काळा वाटतो, हातभर अंतरावरून एकही चिरा दुसऱ्यासारखा नसतो. थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले त्यांची बारीक भोकं दिसतात, काहींत पांढरे खनिज भरलेले. दगडातलं लोखंड गंजून वरच्या सालीला तांबूस-तपकिरी झाक आलेली असते. पाणी झिरपतं तिथे काळे ओघळ, शेवाळ्याच्या, दगडफुलाच्या राखी चकत्या, आणि कडेला टाकीचे घाव. पाथरवटाचा हात कुठल्या बाजूने चालला ते त्या घावांच्या तिरकेपणावरून कळतं. तुमच्या तिन्ही चित्रांत दगडाला ट्यूबमधला तयार करडा रंग आहे. तो बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळा, निळा वाढवला की सावलीतला थंड दगड, तांबडा वाढवला की उन्हातला. शिवाय अल्ट्रामरीन खरखरीत कागदावर दाणेदार बसतो, दगडाचा पोत अर्धाअधिक आपोआप येतो.

प्रश्न बरोबर असला की कुठे जायचं तेही बदलतं. तुम्हाला जर दगड आणि पाणी हे कोडं पडलं, तर नळदुर्ग आपल्यापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, हैदराबाद रस्त्यावर, एसटीनेही जाता येतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल बांधला. नदी भरली की पाणी दोन वाटांनी बांधावरून कोसळतं, लोक त्यांना नर-मादी म्हणतात, आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात. सगळे समोरून धबधब्याचा फोटो काढतात. तुम्ही आतून काढा: दगडी चौकट, पलीकडे पाण्याचा पडदा आणि खोलीत येणारा तो हलता उजेड. धबधबा भर पावसातही धरण भरलं तरच चालतो, म्हणून आधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारावं. उन्हाळ्यात गेलात तर पाण्याने दगडावर सोडलेल्या रेघा दिसतील, त्याही वाईट नाहीत.

हत्तरसंग कुडलला गेला आहात का? पत्रात उल्लेख नाही. भीमा आणि सीना यांचा संगम, सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. तिथल्या हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात ते बहुमुखी शिवलिंग सापडलं, एका लिंगावर ३५९ मुखं कोरलेली. चित्रकारापुढे इथे सरळ प्रश्न उभा राहतो: एवढी मुखं काढायची कशी? सगळी काढलीत तर नकाशा होईल, नाही काढलीत तर खोटं वाटेल. पाच-सहा नीट, बाकीची नुसत्या उजेड-सावलीच्या ठिपक्यांनी, असं काहीतरी तुम्हाला शोधावं लागेल, आणि एकदा ते सापडलं की वेरूळच्या गर्दीने भरलेल्या भिंतीही तुम्हाला घाबरवणार नाहीत. शेजारच्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. जिल्ह्यात असं काही असताना सोलापुरात काढण्यासारखं काही नाही हे वाक्य, ताई, मला मान्य नाही. जरा ठसक्याने म्हणतेय, रागावू नका.

विजापूरला तुम्ही जाऊन आलात. पुन्हा गेलात तर गोलघुमटाच्या बागेकडे पाठ करा आणि आत जाऊन एका कोपऱ्यात उभ्या राहा. खाली चौकोनी दालन, वर गोल घुमट. चौकोनाचा गोल होतो तो एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या खांद्यावर. १६५६ साली पुऱ्या झालेल्या या वास्तूचं सगळं ओझं त्या कमानींतून खाली उतरतं. पेन्सिलीने फक्त ते ओझं कुठून कुठे जातं एवढंच काढा. नक्षी नको, माणसं नकोत. पंधरा मिनिटांचं ते टाचण तुमच्या बागेतल्या अख्ख्या चित्रापेक्षा जड भरेल.

आणि हंपी? यजमानांना नाही म्हणायला सोपं जावं म्हणून नाही सांगत, पण यंदा हंपी नको. पुढे जाल तेव्हा गोपुरं सोडा आणि उघड्यावरचे धोंडे बघा. ग्रॅनाइट फोडायला पाचरी ठोकायचे, त्यांच्या चौकोनी खाचांच्या ओळी कितीतरी धोंड्यांवर तशाच राहिल्यात. काही फुटले, काही फुटलेच नाहीत. देवळाची भिंत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हेच कळू नये अशा जागा तिथे पावलोपावली आहेत. ते काढायला निवांत दिवस लागतात, घरच्यांच्या सहलीत ते होत नाही.

इथे यजमानांच्या त्या वाक्याकडे येऊ. तुम्हाला ते लागलंय, पण त्यांचंही चुकलेलं नाही. मुलगी भुकेली, ऊन डोक्यावर आणि बायको एका खांबासमोर उभी, यात त्यांची सुट्टी कुठे होती? घरची सहल आणि चित्रांची सहल वेगळी करा. दिवाळीत महाबळेश्वरला जा, मनापासून जा, कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ तिथे आहेच, पण तेही सकाळच्या चहाआधी तासभर, बाकी दिवस त्यांचा. त्याच्या बदल्यात बँकेची दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मागून घ्या. महिन्यातला एक शनिवार तुमचा, सकाळी सहाला निघायचं, दोनच्या आत घरी. नवऱ्याला सोबत न्यायचं नाही आणि त्याने का येत नाही म्हणून रुसायचंही नाही.

एकटीने बसायला कसंतरी होतं, लोक बघतात, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय. बघतात खरे. क्लासमधल्या एखादीला बरोबर घ्या. आत खोलवर, ओसाड बुरुजावर जाऊन बसू नका. पाठ भिंतीला लावून बसा, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. गेटवरच्या रखवालदाराशी आधी दोन शब्द बोलून घ्या, तोच मग पोरांना हाकलतो आणि सावली कुठे किती वाजता येते तेही सांगतो. पोरं जमलीच तर एकाला कोरा कागद नि पेन्सिल द्या. दोन मिनिटांत सगळी त्याच्याभोवती जमतात आणि तुम्हाला विसरतात.

कामाची पद्धत म्हणाल तर पहिला अर्धा तास मोबाईल पिशवीतून बाहेर काढायचा नाही. जागेवर फक्त एक मऊ ४बी पेन्सिल आणि वही. पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत मोठ्या गडद-उजळ जागा पाडायच्या आणि त्यांवर एक ते पाच आकडे लिहायचे, एक म्हणजे कागदाचा पांढरा, पाच म्हणजे कमानीतला काळोख. आकडे डोळे बारीक करून ठरवायचे. कडेला वेळ लिहा आणि ऊन कुठून येतंय त्याचा बाण काढा. मग हवा तर फोटो काढा, तो नक्षीचे बारकावे आठवायला. त्याच संध्याकाळी, डोळ्यांत आहे तोवर, घरी रंग लावा, आणि आकडे आणि फोटो यांत भांडण झालं तर आकड्यांचं ऐका. सोलापूरच्या उन्हाळ्यात जागेवर जलरंग लावायचा हट्ट नको. चाळीस अंशांवरच्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत वाळतो आणि पट्टे पडतात. एकाच जागी पुन्हा जा, निदान वेगवेगळ्या तीन वेळांना. पहिल्या खेपेला किल्ला दिसतो, दुसऱ्या खेपेला तट, तिसऱ्या खेपेला कुठे एखादा चिरा दिसतो आणि तोच काढावासा वाटतो.

आता दीड लाख. पैसे तुमचे आहेत, तुमच्या पगारातून साठलेले, तेव्हा ते कुठे घालवायचे याचा हिशोब कुणाला द्यायची गरज नाही. अंकोरवाट बघायचीच हौस असेल तर खुशाल जा, फिरा, डोळे भरून बघा, चित्राचं निमित्त कशाला हवं? पण चित्रांसाठी म्हणून जाणार असाल तर त्या टूरवाल्याला एकच गोष्ट विचारा: एका देवळात किती तास थांबणार? दीड-दोन तास हे उत्तर आलं तर हंपीत जे झालं तेच परदेशात होईल, फक्त जास्त पैशात. सरांचंही मला पूर्णपणे पटत नाही. अंकोर वालुकाश्माचं आहे, बाराव्या शतकातलं, अफाट आहे. पण वालुकाश्म समजून घ्यायचा तर बदामी आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. सहाव्या-आठव्या शतकातलं काम, तांबडे कडे, त्यांत थरांच्या आडव्या रेघा, आणि त्याच रेघा कोरलेल्या मूर्तीच्या गालावरून, मांडीवरून सरळ पुढे गेलेल्या. त्या रेघा तुमच्या चित्रात नव्हत्या.

म्हणून माझा कौल असा. आरडीतले वीस-पंचवीस हजार बाजूला काढा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, एखाद्या मैत्रिणीबरोबर बदामीत चार-पाच रात्री मुक्काम करा, ऐहोळे आणि पट्टदकल तिथून जवळ आहेत. रोज एकच जागा, सकाळी आणि संध्याकाळी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मात्र सोलापूर सोडू नका, संक्रांतीला देवळाभोवतीच्या गर्दीत तोच काळा दगड पांढऱ्या कपड्यांमागे कसा दिसतो ते बघण्यासारखं असतं. बाकीचे पैसे पुन्हा ठेवीत टाका. वर्षभराने वहीतून अंकोरलाच विचारावा असा एखादा प्रश्न वर आला, समजा झाडाची मुळं दगड धरून ठेवतात की फोडतात असा, तर अंकोरमधल्या ता प्रोम मंदिराला जा, आणि ग्रुपने नको, आपल्या हिशोबाने जा.

हे पत्र एकट्या ताईंचं नाही, असाच मजकूर मला कोकणातूनही येतो आणि नागपूरहूनही. त्यांना एवढंच सांगते की आपल्या पायाखालचा दगड आधी ओळखा. कोकणात भोकाभोकांचा जांभा आहे, तो उन्हात गेरूसारखा पेटतो आणि पावसात जवळजवळ जांभळा होतो. आम्हा सोलापूरकरांच्या घराघरांत शहाबादी फरशी आहे, चुनखडीची, निळसर करडी. पुसल्यावर ओली असताना आणि वाळल्यावर तिचे दोन रंग मांडून बघा, घरबसल्या सराव होतो. तीन-चार प्रकारचे दगड हाताला नि डोळ्याला ओळखू यायला लागले की प्रवासात उतरल्या उतरल्या कुठे बसायचं ते कळतं.

एक काळजी सगळ्यांनीच घ्यावी. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, ईझल मांडायचं असेल तरी आधी गेटवर विचारा. कागद ठेवून कोरीव कामावर कोळसा घासू नका. शिलालेख वाचता येत नाही म्हणून त्यात खडू भरायची आपल्याकडे वाईट सवय आहे, तेल-पाणी ओतायचीही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की अक्षरं आपणहून उठतात. ऊन नसेल तर बरोबरच्या माणसाला मोबाईलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून बाजूने धरायला सांगा, तेवढ्याने काम होतं.